क्रीचरला कुणी विचारलं?

दोन महिने झाले, आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एक वाद चाललाय आणि तो काही मिटत नाही. वाद कशावरून, तर हॅरी पॉटरवरून. हसू नका. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं बाजूला सारून पोरं रात्री बारा-बारापर्यंत भांडतात ती दोन प्रश्नांवर. एक, एवढ्या मोठ्या सात-सात भागांच्या गोष्टीचा शेवट कसा व्हावा? आणि दुसरा, खलनायक शेवटी सुधारला तर त्याला माफ करायचं की नाही?

काही जुने कार्यकर्ते म्हणतात, ही साहेबाच्या देशातली भुतंखेतं, आपल्याला काय त्याचं? आपले प्रश्न काय थोडे आहेत? मला हे पटत नाही. आपली पोरं हे वाचतात, मोबाईलवर बघतात. त्यातले हिरो त्यांच्या डोक्यात मुक्कामाला येतात. जे डोक्यात मुक्कामाला येतं त्याची झडती घेणं हे समीक्षेचं काम आहे. जुन्या पुराणांची झडती आपण घेतली. शंबूक, एकलव्य ही नावं कोपऱ्यातून उचलून पहिल्या पानावर आणली. मग ही नवी पुराणं झडतीवाचून का सोडायची?

पांढरपेशी समीक्षा शेवटाबद्दल बोलायला लागली की तिचे शब्द ठरलेले असतात. शेवट अपरिहार्य वाटला पाहिजे. पात्राचा प्रवास पूर्ण झाला पाहिजे. रसिकाला समाधान लाभलं पाहिजे. ठीक आहे. माझा प्रश्न एवढाच, कुठल्या पात्राचा प्रवास? या सगळ्या महाकथांत राजवाडा असतो, तसं स्वयंपाकघरही असतं. सेनापती असतो, तशी त्याच्या पायाखालची फौज असते. शेवटच्या पानावर ही माणसं कुठवर पोचली, हे बघायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

१

जे. के. रोलिंग या बाईंचे हॅरी पॉटरचे सात भाग १९९७ ते २००७ या दहा वर्षांत प्रसिद्ध झाले. जादूगारांचं जग. त्यात व्होल्डेमॉर्ट हा मुख्य खलनायक, रक्ताच्या शुद्धतेवर राज्य उभं करणारा. जादूगार घराण्यात जन्मला तो शुद्ध. साध्या माणसांच्या पोटी जन्मून जादू शिकला तो 'मडब्लड', म्हणजे चिखल मिसळलेल्या रक्ताचा. ही तिथली शिवी आहे. आपल्याला समजावून सांगायची गरज नाही.

या जगात घरकामाला एल्फ असतात. जन्मानं गुलाम. पगार नाही, सुट्टी नाही. अंगाला उशीचा अभ्रा नाहीतर फडकं गुंडाळायचं. मालकानं कपडा दिला तर सुटका. हातून चूक झाली तर मालकाला मारायचे कष्ट नकोत, एल्फ स्वतःच डोकं आपटून घेतो. चौथ्या भागात हर्मायनी नावाची मुलगी, जी स्वतः 'मडब्लड' आहे, एल्फांच्या हक्कासाठी संघटना काढते. तिचे दोस्त हसतात. लेखिकाही गालातल्या गालात हसते.

यातला एक एल्फ क्रीचर. ब्लॅक नावाच्या घराण्याचा म्हातारा गुलाम. त्या घरात पूर्वीच्या एल्फांची मुंडकी भिंतीवर टांगलेली आहेत. चहाचा ट्रे उचलवेना झाला की मुंडकं उडवायचं, ही घराण्याची रीत. आणि क्रीचरची आयुष्यातली इच्छा काय? आपलंही मुंडकं त्या रांगेत लागावं! गुलामी मनात किती खोल मुरते हे बाईंनी एका तपशिलात दाखवलं. ही त्यांची ताकद आहे, ती मान्य केलीच पाहिजे. पुढे हॅरी त्याच्याशी माणसासारखा वागतो तेव्हा तो बदलतो. शेवटच्या लढाईत स्वयंपाकघरातले सगळे एल्फ सुऱ्या-कोयते घेऊन बाहेर पडतात आणि त्यांच्या पुढे असतो क्रीचर.

आणि मग? व्होल्डेमॉर्ट मरतो. रात्रभर लढून हॅरी थकलेला. त्याला बिछाना हवाय. आणि मुख्य गोष्टीच्या शेवटच्याच पानावर त्याच्या मनात येतं, क्रीचर आपल्याला एखादं सँडविच आणून देईल का?

त्याच रात्री लढलेला क्रीचर. तोही थकला असेल की नाही? युद्ध जिंकलं, रक्ताच्या शुद्धतेवाला मेला, आणि पहाटे पहिली ऑर्डर गेली ती स्वयंपाकघरात. त्यानंतर एकोणीस वर्षांनंतरचं प्रकरण आहे. रेल्वे स्टेशन, लग्नं झालेले दोस्त, त्यांची मुलं. एल्फांबद्दल अक्षर नाही. हर्मायनीनं पुढे सरकारी खात्यात जाऊन त्यांच्यासाठी काम केलं, असं लेखिकेनं नंतर सांगितलं. पण ते पुस्तकाच्या बाहेर. नायकाच्या पोरांची नावं पुस्तकात बसली, आणि गुलामांची सुटका बसली नाही.

२

आता खलनायकाची माफी. अभ्यासिकेतलं खरं भांडण स्नेपवरून आहे.

स्नेप हा त्या शाळेतला मास्तर. तरुणपणी व्होल्डेमॉर्टच्या टोळीत गेला. लिली नावाच्या मुलीवर त्याचा लहानपणापासून जीव होता. ती 'मडब्लड'. ती दुसऱ्याची झाली. यानं पोचवलेल्या बातमीमुळे व्होल्डेमॉर्ट तिच्या घरावर चालून जाणार हे कळलं, तेव्हा यानं मालकाचे पाय धरले, तिला तेवढं सोडा. तिच्या नवऱ्याचं, तान्ह्या पोराचं नाव काढलं नाही. ती मेली. मग हा फिरला. दुसऱ्या बाजूचा हेर झाला, वर्षानुवर्षं जीव मुठीत घेऊन राबला, आणि मारला गेला. शेवटी हॅरी आपल्या मुलाला त्याचं नाव देतो आणि सांगतो की तो फार शूर माणूस होता.

आमच्यातले निम्मे इथं रडतात. रडावं. माणूस शूर होता यात शंका नाही. पण शूर असणं वेगळं आणि सुटणं वेगळं.

या मास्तरच्या वर्गात नेव्हिल नावाचा पोरगा होता. गोंधळलेला, विसराळू, आजीनं वाढवलेला. त्याच्या आईबापांना व्होल्डेमॉर्टच्या माणसांनी छळून छळून वेडं केलेलं. तिसऱ्या भागात एक प्राणी येतो, जो समोरच्या माणसाला ज्याची सगळ्यात जास्त भीती असेल त्याचं रूप घेतो. नेव्हिलसमोर तो कुणाचं रूप घेतो? आईबापांना वेडं करणाऱ्यांचं नाही. मास्तरचं, स्नेपचं. वर्गात रोज पाणउतारा करणारा, त्याच्या बेडकावर औषध पाजून बघतो म्हणून धमकावणारा मास्तर.

स्नेपला माफ केलं हॅरीनं. नेव्हिलला कुणी विचारलं?

पुस्तकात एकच जागा अशी आहे जिथं ज्याला लागलं त्यालाच विचारलंय. शाळेत असताना स्नेप चिडून सगळ्यांसमोर लिलीला ती शिवी देतो. मग रात्री माफी मागायला तिच्या दाराशी येतो. ती काय म्हणते? माझ्यासारख्या जन्माच्या सगळ्यांनाच तू हे म्हणतोस, मग माझ्यापुरतं वेगळं कशाला? आणि दार लावून घेते. सातही भागांतलं मला सगळ्यात आवडलेलं पान हे. पोरीनं दोन वाक्यांत निकाल दिला. आमच्यातल्या एकीवर तुझा जीव, आणि आमच्या वस्तीचा तुला तिटकारा, तर तुझा जीव तुझ्यापाशी ठेव.

मी एवढं चिडून का लिहितोय तेही सांगून टाकतो. मी आठवीत असताना आमच्या शाळेत एक सर होते. स्कॉलरशिपचे पैसे आले की ते वर्गात मोठ्यानं म्हणायचे, "समाजकल्याणवाले, उभे राहा." आम्ही सात-आठ जण उभे राहायचो. तास संपेपर्यंत खाली बसा म्हणायचे नाहीत. बाकीचा वर्ग आमच्याकडे बघत गणितं सोडवायचा. माझ्या बाकावरचा दोस्त गणितात माझ्यापेक्षा हुशार होता. पैसे आल्याच्या दिवशी तो शाळेत येईना झाला. मग एकेक आठवडा येईना झाला. नववीत त्याचं नाव पटावर नव्हतं.

ते सर आता रिटायर झालेत. आता बाबासाहेबांवर भाषणं देतात. चांगली देतात, मी ऐकलीत. येत्या १४ एप्रिलला आमच्या जयंती मंडळाच्या पोरांनी त्यांचा सत्कार ठरवलाय. शाल-श्रीफळ कुणी द्यायचं, तर त्यांचा जुना विद्यार्थी म्हणून मी. पोरं म्हणतात, "दादा, माणूस बदलला. बदलला तर माफ नको करायला?" म्हणजे बघा, वाद हॅरी पॉटरचा नाहीच. तो माझ्या हातातल्या शालीचा आहे.

३

माणूस बदलला हे ओळखायचं कशावरून? या महाकथा आपल्याला एक ठरलेलं उत्तर देतात. ते नीट बघा.

'स्टार वॉर्स'चा डार्थ व्हेडर. १९७७च्या पहिल्या सिनेमात लिया या राजकन्येला तो कैदेत छळतो. तिच्या डोळ्यांदेखत तिचा अख्खा ग्रह उडवतात, तेव्हा तो तिच्या मागं उभा असतो. १९८३च्या तिसऱ्या सिनेमात सम्राट त्याच्या मुलाला, ल्यूकला, मारायला लागतो. तेव्हा व्हेडर सम्राटाला उचलून खोल खड्ड्यात फेकतो आणि मुलाच्या मांडीवर मरतो. झालं. शेवटी साधुसंतांच्या आत्म्यांशेजारी त्याचाही आत्मा हसत उभा. हिशेब चुकता. लियाही त्याचीच पोरगी. तिला कुणी काही विचारलं नाही. जळलेल्या ग्रहावरच्या माणसांचा तर प्रश्नच नाही. आणि हा व्हेडर लहानपणी कोण होता? १९९९च्या सिनेमात कळतं, की गुलाम बाईच्या पोटी जन्मलेला गुलाम पोरगा. तो सुटला, आई गुलामीतच राहिली, आणि तो पुढे सम्राटाचा उजवा हात झाला. गुलामीतून सुटलेला माणूस कुणाच्या बाजूला जाऊन उभा राहील याची खात्री नसते, हेही यातून शिकावं.

पॉटरमध्ये ड्रॅको मालफॉयची आई व्होल्डेमॉर्टशी खोटं बोलते आणि हॅरी वाचतो. का बोलते? तिला किल्ल्यात अडकलेल्या आपल्या पोराकडे जायचंय. घर सुटतं. स्नेप फिरला तो लिलीसाठी. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या जेमी लॅनिस्टरनं लहान पोराला बुरुजावरून ढकलून कायमचं पांगळं केलं. पुढे तो सुधारतो, मरणाच्या लढाईत योग्य बाजूला उभा राहतो, आणि शेवटी परत जातो तो आपल्या बहिणीच्याच कुशीत मरायला.

सगळे कुणासाठी बदलले? आपल्या माणसासाठी. आपला मुलगा, आपली प्रेयसी, आपली बहीण.

मित्रहो, आपल्या माणसावर प्रेम करणं म्हणजे सुधारणं असेल तर या देशात सुधारलेला नाही असा माणूस सापडणार नाही. ज्यानं आपल्या आज्याला पाणवठ्यावरून हाकललं तोही घरी पोराला मांडीवर घेऊन दूध पाजत होता. जात टिकली कशावर? दुष्टपणावर कमी, आणि आपल्या माणसांच्या मायेवर जास्त. पोराचं भलं, पोरीचं लग्न, भावकीची अब्रू. म्हणून खलनायक आपल्या रक्तासाठी विरघळला की माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही. ज्याच्याशी त्याचं रक्ताचं नातं नाही, ज्याच्याकडून काही मिळायचं नाही, त्याच्यापुढे तो काय करतो? तिथं मोजमाप घ्या.

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात प्रायश्चित्ताचं कोष्टक आहे. ब्राह्मणाच्या हत्येला जेवढं प्रायश्चित्त, क्षत्रियाच्या हत्येला त्याचा चौथा हिस्सा, वैश्याच्या आठवा, शूद्राच्या सोळावा. म्हणजे पाप किती मोठं, ते मेला कोण यावर ठरायचं. आता व्हेडरचा हिशेब मांडून बघा. एक मुलगा वाचवला की एका ग्रहाची राख फिटली. हे कोष्टक लुकाससाहेबांनी मनूकडून घेतलं नाही. राजवाड्यातून गोष्ट सांगितली की ते आपोआप तयार होतं.

४

आता 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. टॉल्किन हा ऑक्सफर्डचा प्राध्यापक, जुन्या वळणाचा, राजेरजवाड्यांवर माया असलेला. १९५४-५५ साली तीन खंड निघाले. मी पूर्वग्रह घेऊनच वाचायला बसलो. आणि माझी पंचाईत झाली.

यात दुष्टाची फौज म्हणजे ऑर्क. काळे, कुरूप, जन्मानं वाईट. हजारोंनी मारले जातात आणि नायक कुणी किती मारले ते मोजत हसतात. मला चीड आली. पण दुसऱ्या खंडाच्या शेवटी दोन ऑर्क नाईक एकमेकांशी बोलतात. हे युद्ध सरलं की चार भरवशाची पोरं घेऊन कुठंतरी निघून जाऊ, जिथं डोक्यावर बडे साहेब नसतील! टॉल्किननं हे लिहिलं, आणि लिहून पुढे गेला. वरचे साहेब नकोत असं ज्याला वाटतं त्याला मन आहे. मन आहे तर तो बदलू शकतो. मग त्याला माफीची संधी का नाही? युद्ध संपतं तेव्हा शरण आलेल्या माणसांच्या फौजांना राजा अभय देतो. ऑर्क मात्र सैरावैरा धावतात, स्वतःला खड्ड्यांत लोटून घेतात. ऑर्क कुठून आले, ते जन्मजात वाईट की कुणी तसे केले, हा प्रश्न टॉल्किनला मरेपर्यंत छळत राहिला. १९७३ साली तो वारला. त्याच्या मुलानं १९९३ साली छापलेल्या टिपणांत तो एकदा एक उत्तर देतो, मग दुसरं. कुठलंच त्याला पुरत नाही. हा लेखक निदान अस्वस्थ होता.

मग गोलम. एका अंगठीच्या हावेनं माणसातून उठलेला प्राणी. फ्रोडो त्याला दया दाखवतो आणि गोलम बदलायला लागतो. एका जिन्यावर फ्रोडो झोपलेला असताना गोलम येऊन हळूच त्याच्या गुडघ्याला हात लावतो. एक क्षण तो म्हातारा, थकलेला, एकटा जीव दिसतो. तेवढ्यात फ्रोडोचा नोकर सॅम जागा होतो, वसकन अंगावर जातो. तो क्षण जातो, परत येत नाही. टॉल्किननं एका पत्रात लिहिलंय की सगळ्या कथेतला सर्वांत दुःखद क्षण त्याला बहुधा हाच वाटतो.

माझं इथं भांडण आहे. गोलमचा उद्धार हुकला त्याचा ठपका कुणावर? नोकरावर. मालक दयाळू, नोकर आडमुठा. अहो, पण दया परवडते कुणाला? रात्री पहारा कोण देतोय, भाकरी कोण राखतोय, मालकाचं बरंवाईट झालं तर कोण जबाबदार? सॅम संशय घेतो कारण संशय घेणं हे त्याचं काम आहे. बरं, संशय खराच होता. गोलम त्यांना मारायचा कट आधीच करून आला होता. आपल्याला ऐकवतात ना, "तुमच्या मनात फार कडवटपणा आहे, समोरचा हात पुढे करतोय आणि तुम्ही झिडकारता." ते ऐकलं की मला सॅम आठवतो.

तरी शेवटात टॉल्किन बाजी मारतो. एक तर नायक हरतो. अंगठी जाळायच्या क्षणी फ्रोडोला ती सोडवत नाही. सत्तेपुढे चांगला माणूसही टिकत नाही, हे सांगायला हिंमत लागते. दुसरं, युद्ध जिंकून चौघे गावी परततात तर गाव गुंडांच्या ताब्यात गेलेलं. झाडं तोडलेली, धान्य लुटलेलं. तिथं परत लढावं लागतं, गावचे एकोणीस जण मरतात. राजधानीत झेंडा फडकला म्हणून गावचा चावडीवाला बदलत नाही, हे या प्राध्यापकाला कळलं होतं. २००३च्या सिनेमात हा भाग कापला. गाव जसंच्या तसं हिरवंगार दाखवलं!

आणि तिसरी गोष्ट. राजा झाल्यावर आरागॉर्न काय काय करतो याची यादी येते. तिच्यात एक वाक्य आहे. दुष्टाच्या राज्यातल्या गुलामांना त्यानं मुक्त केलं आणि तळ्याकाठची सगळी जमीन त्यांना त्यांची म्हणून देऊन टाकली. एकच वाक्य. त्या गुलामांपैकी एकाचंही नाव आपल्याला कळत नाही. पण जमीन दिली! राजेशाहीवर माया करणाऱ्या या म्हाताऱ्याला कळलं की नुसतं "जा, मोकळे झालात" म्हणून गुलाम मोकळा होत नाही. माणूस मेहेरबानीवर जगत नाही, जमिनीवर जगतो. आधुनिक विचारांच्या रोलिंगबाई सात भागांत जिथं पोचल्या नाहीत, तिथं हा एका वाक्यात पोचला. लेखक कुठल्या वळणाचा आहे यावर त्याचा शेवट जोखू नका, हे मी या पुस्तकावरून शिकलो.

५

उलट उदाहरण 'गेम ऑफ थ्रोन्स'चं. २०११ ते २०१९, त्र्याहत्तर भाग. जॉर्ज मार्टिनच्या ज्या कादंबऱ्यांवरून मालिका केली त्या अजून पुऱ्या झालेल्या नव्हत्या, तरी मालिकेनं आपला शेवट केला.

त्यात डनेरिस नावाची राणी गुलामांची शहरं सोडवते. सुटलेल्या गुलामांची फौज तिच्याबरोबर समुद्र ओलांडून येते. पुढे ती स्वतःच एक शहर जाळते, मारली जाते. आता राज्य कुणाचं? सरदार गोल करून बसतात. त्यांच्यात सॅमवेल नावाचा एक पुस्तकी माणूस भीतभीत म्हणतो, सगळ्यांनाच विचारलं तर? राजा सगळ्या लोकांवर राज्य करणार, तर सगळ्या लोकांनी निवडावा. आणि ते सरदार हसतात. एक म्हणतो, मग कुत्र्यांनाही मत द्या. दुसरा म्हणतो, माझ्या घोड्याला विचारतो.

ही थट्टा ज्यांना विनोद वाटली ते सुखी लोक. आमच्या अभ्यासिकेत कुणी हसलं नाही. आपल्या आज्याला मत द्यायचं म्हटल्यावर कोण कोण हसलं होतं, हे आपल्याला घरात ऐकून माहीत आहे.

त्याच सभेत गुलामांच्या फौजेचा सेनापती, ग्रे वर्म, उभा आहे. शहर त्याच्या ताब्यात, कैदी त्याचे. एक सरदार त्याला सुपीक मुलूख देऊ करतो, स्वतःचं घराणं काढा म्हणतो. तो नाकारतो. आम्हाला मोबदला नको, न्याय हवा, अशा अर्थाचं बोलतो. केवढी मोठी जागा होती ती! लेखकांना तिचं काय करावं तेच कळलं नाही. राजा निवडतात सरदार, नाव सुचवतो सरदार घराण्यातला कैदी, आणि ग्रे वर्म आपली माणसं जहाजात घालून दूरच्या बेटाकडे निघून जातो. शेवटची बैठक होते तेव्हा सरदार आपापल्या खुर्च्यांवर असतात. हा शेवट फसला, अशी ओरड जगभर झाली. बहुतेकांची तक्रार अशी की घाई केली, पात्रं बिघडवली. माझी तक्रार त्या हसण्याची आहे. लोकांना विचारायचं का, हा प्रश्न आठ वर्षांत एकदाच आला आणि त्याची टिंगल करून गोष्ट पुढे गेली.

६

मग काय, खलनायकाला माफी नाहीच? तसं मी म्हणत नाही. माणूस बदलतच नाही असं मानलं तर आपली चळवळच खोटी ठरते. आपल्याकडे या प्रश्नावरची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कडक कथा आहे, अंगुलिमालाची. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी ती घेतली. माणसं मारून बोटांची माळ घालणारा दरोडेखोर बुद्धापुढे थांबतो आणि भिक्खू होतो. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण मज्झिमनिकायातल्या सुत्तात पुढचं आहे ते वाचा.

भिक्षेला फिरताना त्याला बाळंतपणात अडलेली एक बाई दिसते. कोण, कुठली, माहीत नाही. त्याचा जीव तिच्यासाठी कळवळतो. आपलं माणूस नाही, रक्ताचं नाही! आणि पुढे तो गावात जातो तेव्हा लोकांचे दगड-काठ्या त्याच्या अंगावर येतात. डोकं फुटतं, पात्र फुटतं, चीवर फाटतं. बुद्ध काय करतो? गावाला उपदेश करत नाही की बाबांनो, माफ करा, हा आता बदललाय. अंगुलिमालाला सांगतो, सोस. तुझ्या कर्माचं आहे, सोस.

अरे, केवढी समज आहे ही! बदललेल्या माणसाला संघात जागा मिळाली. पण ज्यांची माणसं मेली त्यांच्या रागावर कुणी हात ठेवला नाही. आणि तो मरून सुटला नाही, जगला. व्हेडर मेला, स्नेप मेला. गोष्ट लिहिणाऱ्याला ते सोयीचं पडतं. मेलेला माणूस सकाळी उठून कुणाच्या दारात उभा राहत नाही.

अमेरिकेतली एक कार्टून मालिका, 'अवतार : द लास्ट एअरबेंडर', २००५ ते २००८ चाललेली, पोरांसाठी केलेली. ती या बाबतीत मोठ्यांच्या कथांपेक्षा शहाणी निघाली. आक्रमक राज्याचा राजपुत्र झुको बाप आणि राजवाडा सोडून शत्रूच्या पोरांकडे येतो. ती त्याला लगेच मिठी मारत नाहीत, आधी हाकलतात. कटारा ही मुलगी त्याला बजावते, पाऊल वाकडं पडलं तर मीच तुला संपवीन. पुढे ती आपल्या आईच्या मारेकऱ्यासमोर उभी राहते. त्याला मारत नाही. पण माफही करत नाही, आणि तसं स्पष्ट सांगते. झुकोला मात्र माफ करते, तिच्या वेळेनं, तिच्या मनानं. मारलं नाही म्हणजे माफ केलं असं नव्हे, हे दहा-बारा वर्षांच्या पोरांना समजेल असं सांगितलंय. शेवटी तो झुको गादीवर बसतो हे मला खटकतं. राजवाड्याचा मोह या लोकांना सुटत नाही. पण निदान तो जगतो आणि बापानं केलेलं निस्तरायला बसतो.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात असं. खलनायकानं काय केलं ते त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हणावं. ज्याला लागलं त्याच्यासमोर म्हणावं, आणि त्यानं दार लावून घेतलं तर मुकाट परत जावं. जे लुटलं, मग ती जमीन असो, खुर्ची असो की शिकायची संधी, ते सोडावं. आणि मग जगावं. शेवट लिहिणाऱ्यानं शेवटच्या पानाआधी एकदा स्वयंपाकघरात डोकावून यावं. तिथं अजून तोच माणूस तेच काम त्याच अभ्र्यात करत असेल, तर गोष्ट संपलेली नाही.

७

आता त्या शालीचं.

मागच्या आठवड्यात मी माझ्या बाकावरच्या दोस्ताकडे गेलो. तो मंडप डेकोरेशनवाल्याकडे कामाला आहे. सतरंज्या झटकत होता. मी सगळं सांगितलं. सर बदललेत, मंडळानं सत्कार ठरवलाय, तुला काय वाटतं? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "करा की सत्कार. मला कशाला इचारतो? फकस्त त्या दिवशी मला खुर्च्या लावायला सांगू नका."

आमच्या जयंतीला मंडप त्याच्याच मालकाचा असतो. दरवर्षी खुर्च्या तोच लावतो. इतकी वर्षं मला हे दिसलं नव्हतं. क्रीचरचं सँडविच मला दिसलं, आणि हे दिसलं नाही.

मंडळाच्या बैठकीत मी दोन गोष्टी ठेवल्यात. सरांना खरंच काही बोलायचं असेल तर स्टेजवर चढायच्या आधी त्यांनी त्याच्या घरी जावं. तिथं तो काय म्हणेल ते म्हणेल, आपण कुणी मधे पडायचं नाही. तोवर शाल माझ्या हातात देऊ नका. आणि दुसरं, सत्कार होवो न होवो, यंदा खुर्च्या आपण लावायच्या, कमिटीच्या लोकांनी. तो येऊन पुढच्या रांगेत बसेल, की येणारच नाही, ते त्याचं तो ठरवील.

पहिल्या गोष्टीवर पोरं अजून भांडतायत. दुसरी मंजूर झाली. दोनशे खुर्च्या आहेत. संध्याकाळी पाचला या.